राजनौकेला दिलेलं सर्टिफिकेट

वायव्य लंडनमधल्या कुठल्याही मराठी समारंभात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला?" मी कुठल्याच हॉस्पिटलला नव्हतो. हॉस्पिटलला होती ती आमची सुनीती, लहान मुलांची डॉक्टर. एजवेअरच्या आमच्या वर्तुळात मी वर्षानुवर्षं "डॉक्टरीणबाईंचे मिस्टर" म्हणूनच ओळखला गेलो. कुणी फारच सभ्यपणे "आणि तुम्ही काय करता?" असं विचारलंच, तर मी म्हणायचो, "बोटी पास-नापास करतो." त्यावर समोरचा "अरे वा, इंटरेस्टिंग" म्हणायचा आणि सामोशांच्या ताटाकडे वळायचा.

आता संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीदार किस्से मागितले आहेत. किस्से आहेत माझ्याकडे, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की एकच बोट आडवी येते. ऑफिसच्या लेखी ते माझं सगळ्यात नीटनेटकं काम. साहेबांनी पाठ थोपटली, रिपोर्ट नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवला. आणि त्याच कामाची मला इतकी लाज वाटते की त्याबद्दल इतकी वर्षं मी समारंभात कधी अवाक्षर काढलं नाही. किस्से हवे असलेल्यांनी रागावू नये.

आधी धंदा समजावून सांगतो. मुंबईच्या गोदीत मी काम शिकलो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुनीतीच्या मागोमाग इंग्लंडात आलो आणि प्रवासी बोटी तपासणाऱ्या एका कचेरीत चिकटलो. समुद्रावरची मोठी जहाजं दुसऱ्यांकडे होती. माझ्याकडे नद्या, कालवे आणि तलाव आले. बोट तरंगते की नाही हे शेंबडं पोरही सांगेल. माझं काम वेगळं होतं: ती एका अंगावर कलली तर परत सरळ होते का, हे बघायचं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई जशी जपून वळते, तसंच बोटीचं असतं. वजन जितकं वर, तितका तोल नाजूक. म्हणून आम्ही बोटीच्या एका कडेला ठराविक वजन ठेवतो. आत एक ओळंबा टांगतो, गवंडी भिंतीला लावतो तोच. त्याचं शिसं पाण्याच्या बादलीत सोडलं की ते फार झुलत नाही. मग दोरी किती सरकली ते पट्टीवर वाचायचं, वजन दुसऱ्या कडेला न्यायचं आणि पुन्हा वाचायचं. बाकी सगळं गणित.

वजन म्हणून वाळूची पोती किंवा पाण्याची पिंपं वापरतात. ती नसली तर माणसं चालतात. एका माणसाचं सरासरी वजन धरायचं आणि त्याला हवं तिथं उभं करायचं. "पोत्यापेक्षा माणूस बरा, तो आपल्या पायांनी चालत जातो," असं मी नव्या सर्व्हेअरांना सांगायचो. ते हसायचे, मीही हसायचो.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली भेटली. कालव्यातल्या बोटीवर हॉटेल काढणाऱ्या एका गृहस्थानं टपावर पियानो चढवला होता. मी म्हटलं, हा खाली उतरवा, नाहीतर बोट आडवी होईल. तो अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, "पण तो कुणी वाजवत नाही हो!" न वाजणाऱ्या पियानोचं वजन धरू नये असं त्याचं खरोखर मत होतं. असल्या लोकांशी हुज्जत घालण्यात माझी वर्षं मजेत गेली. 'नाही' म्हणणारा माणूस अशी माझी ख्याती झाली आणि मला तिचा गर्व होता.

मिस्टर क्वांग भेटले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. वेम्बलीच्या बाजूला बसगाड्यांची एक जुनी शेड रिकामी पडली होती, ती कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, त्यांना वापरायला दिली होती. उन्हाळ्यात तिथल्या तलावावर फेस्टिव्हल होणार होता आणि त्यासाठी एक व्हिएतनामी गृहस्थ राजाची बोट बांधताहेत, एवढंच मला फोनवर कळलं होतं. मला वाटलं, प्लायवुडचा देखावा असेल, आपल्याकडे गणपतीपुढे करतात तसा. शेडचं दार ढकललं आणि तिथंच उभा राहिलो.

लांबच लांब, निमुळती, लाल बोट. पुढे नाळेवर सोनेरी ड्रॅगनचं डोकं, शेपूट पार मागच्या टोकाला. दोन्ही अंगांना रंगवलेले डोळे लाल कापडानं झाकलेले. मध्ये खांबांवर उभा केलेला दुमजली छपराचा मंडप. आणि हे सगळं खऱ्या फळ्यांचं, एकात एक बसवलेल्या. फटी बुजवायला बांबूचा कीस काढून तो राळेत कुटला होता. बांबू कुठून आणला म्हणून विचारलं, तर एजवेअर रोडवरच्या गार्डन सेंटरमधून. इंग्रज लोक ज्या काठ्यांवर टोमॅटो चढवतात, त्या.

मिस्टर क्वांग साठीचे, किरकोळ अंगाचे, फर्निचरच्या कारखान्यात कपाटं बनवणारे. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं, म्हणून मुलगी लिएन सोबत असायची. ती एका बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे घरासाठी कर्ज देणाऱ्या बँकेत, काउंटरवर होती आणि तिचं इंग्रजी अस्सल लंडनचं होतं. तिनं सांगितलं, व्हिएतनामवर न्गुयेन राजघराणं होतं तेव्हा हुए ही राजधानी, आणि तिच्या बाबांचे आजे-पणजे तिथं दरबाराच्या बोटी बांधायचे. बाबांनी लहानपणी राजाची नौका नदीत पाहिली होती. ती वल्ह्यांनी चालवत नसत, दुसऱ्या बोटी तिला ओढून न्यायच्या, म्हणून आत बसलेल्या राजाला पाण्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

"पाच नखांचा ड्रॅगन राजाचा," मिस्टर क्वांग मला पंजा दाखवत म्हणाले. "हा चारचा. राजा नाही. आपण लोक."

मी विचारलं, किती माणसं बसवणार? त्यावर ते बराच वेळ लिएनशी बोलले. मग ती म्हणाली, "बाबा म्हणतात, आमच्यातली म्हातारी माणसं एकदा बोटीतून उतरली ती परत कधी बोटीत चढली नाहीत. थेम्सच्या पुलावर बस आली तर काही जण डोळे मिटून घेतात. बाबांना त्यांना एकदाच अशा बोटीत बसवायचंय, जी निघाली त्याच काठाला परत येते. बाकी फेस्टिव्हल वगैरे कौन्सिलसाठी."

मला हे फार आवडलं. इतकं आवडलं की घरी येऊन सुनीतीला जेवताना ऐकवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. ते लोक देश सोडून बोटींतून कसे आले हे त्या काळात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ती बोट कशासाठी हे तर मला तोंडावर सांगितलं होतं.

वरचं छप्पर फार जड होतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. वाद होईल असं वाटलं होतं. मिस्टर क्वांगनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसले. दरबारात नौका ओढायला बोटी होत्या, बाजूला धरायला माणसं होती, इथं कोण आहे, असं म्हणाले. पुढच्या खेपेला गेलो तर वरचा मजला बांबूच्या कामट्यांवर रोगण दिलेलं कापड ताणून केलेला होता. खालून पाहिलं तर फरक कळायचा नाही. त्या छपरावर आम्ही दोघांनी मिळून तीन-चार शनिवार घालवले आणि इतके आनंदाचे शनिवार मला नोकरीत क्वचितच मिळाले. माणूस माझा मित्र होत चालला होता.

चाचणी ठरली फेस्टिव्हलच्या आदल्या आठवड्यात. बोट तलावात उतरवली होती. सकाळी त्यांनी धूप लावून, फळं ठेवून डोळ्यांवरचं लाल कापड काढलं होतं, त्यामुळे त्यांच्यातली झाडून सगळी वडीलधारी मंडळी धक्क्यावर जमली होती. पोरंबाळं जेवणाच्या डब्यांभोवती होती. मी ओळंबा टांगून, बादली भरून तयार. फक्त पाण्याची पिंपं आली नव्हती. भाड्यानं देणाऱ्यांनी ती भलत्याच तलावावर पोचवली होती आणि आज काही ती येत नव्हती.

मी धक्क्यावर नजर टाकली. मला तिथं हवं तेवढं वजन उभं दिसलं.

"हीच मंडळी चालतील की," मी लिएनला म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे. एका बाजूला उभं राहायचं, मग दुसऱ्या."

ती घुटमळली. "आपण बॅरल्ससाठी थांबू शकतो का?"

"थांबू की. पण मग फेस्टिव्हलच्या आत सर्टिफिकेट मिळणार नाही."

खरं तेच मी बोललो होतो. तिनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या मंडळींकडे जाऊन हळू आवाजात काही सांगितलं. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. सरकारी माणसानं सांगितलंय म्हटल्यावर ते ओळीनं बोटीत चढले. समारंभासाठी घातलेले चांगले कोट, बायकांच्या गळ्यात मोत्यांच्या माळा. पुढे होत्या होआ आजी, पंचाहत्तरीच्या. मी त्यांना हात देऊन आत घेतलं. किती छान सहकार्य करतात ही माणसं, असं माझ्या मनात आलं. आपले लोक असते तर एव्हाना चार सूचना केल्या असत्या.

"सगळे डावीकडे. कडेला. अजून थोडं, प्लीज. अजून."

बोट कलली. कलायलाच हवी होती. मी पोटावर आडवा होऊन पट्टीवरची दोरी वाचत होतो, आणि दोरी अगदी माझ्या गणिताप्रमाणे सरकली होती. ते छप्पर हलकं केल्याचं सार्थक झालं होतं. इतका आनंद झाला की मी "ब्युटिफुल!" असं ओरडलो. धक्क्यावरून माझ्या सहकाऱ्यानं फोटो काढला. कललेली लाल नौका, कडेला ओळीनं उभी माणसं, आणि खाली आडवा झालेला, हसणारा मी. पुढे कित्येक वर्षं तो फोटो आमच्या ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवत.

"कोणी हलू नका," मी म्हटलं. आकडा लिहिला. पुन्हा तपासला. "हं, आता उजवीकडे."

कुणी हललं नाही. मी आणखी मोठ्यानं, आणखी सावकाश सांगितलं, परक्या माणसाशी बोलताना इंग्रज करतात तसं. तरी नाही. तेव्हा मी पट्टीवरून मान वर केली.

कडेचा कठडा त्यांच्या हाताशी होता, पण तो कुणीच धरला नव्हता. त्यांनी एकमेकांना धरलं होतं. प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या मनगटावर, घट्ट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बूट काढून ठेवलेले होते. ते कधी काढले मला कळलं नव्हतं. होआ आजींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. आवाज मात्र कुणाचाच नव्हता, एक हुंकारसुद्धा नाही.

धक्क्यावरून लिएन म्हणाली, "मिस्टर केळकर, संपलं म्हणून सांगा त्यांना. मी नाही, तुम्ही सांगा. ते तुमच्या हुकमाची वाट बघतायत."

"संपलं," मी म्हटलं. "फिनिश्ड. थँक यू."

त्यांना उतरवायला खूप वेळ लागला, कारण हात सोडायला कुणी तयार नव्हतं. होआ आजी सगळ्यांत शेवटी. धक्क्यावर पाय टेकल्यावर त्या माझ्यासमोर वाकल्या आणि काही म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"सॉरी म्हणाल्या," लिएन म्हणाली. "दुसऱ्या बाजूला जाता आलं नाही, तुमचं काम अर्धं राहिलं, म्हणून."

मग मंडळी जेवायला गेली आणि आम्ही दोघं धक्क्यावर राहिलो. लिएन पाण्याकडे बघत बोलत होती. "समुद्रात सातव्या-आठव्या दिवशी एक मोठं जहाज दिसलं. सगळ्यांना वाटलं, वाचलो. सगळे एकदम एका बाजूला धावले, हात हलवायला. माझी आई त्याच बाजूला होती. होआ आजींचे दोन्ही मुलगे."

"मला हे माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आम्ही बोटीतून आलो हे तुम्हाला माहीत होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माहिती देत होती, काउंटरवर देतात तशी. मी "हो" म्हटलं.

उरलेली चाचणी तशीच अर्धी होती. मिस्टर क्वांगनी माझ्या खांद्याला हात लावला आणि शेडकडे बोट दाखवलं. बोट बांधून उरलेलं लाकूड तिथं भिंतीला लावून रचलेलं होतं. जाड, सुकलेल्या फळ्या, ढीगभर. सकाळी बादली आणायला मी त्याच ढिगाला वळसा घालून आत गेलो होतो. लाकूड वजन म्हणून चालतं, हे मी नव्या सर्व्हेअरांना शिकवत असे. आम्ही एकेक फळी वजनकाट्यावर घालून बोटीत नेली, डावीकडे, मग उजवीकडे. मिस्टर क्वांग माझ्याबरोबरीनं वाहत होते. बोट पास झाली. उत्तम पास झाली.

मी त्यांची माफी मागायचा प्रयत्न केला. मुलगी जेवायला गेली होती, म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललो, आपणही तसं बोललं की समोरच्याला जास्त कळतं असा एक भ्रम असतो. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "बोट चांगली. तुम्ही चांगली बघितली. थँक यू." माफी त्यांनी घेतलीच नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं साहेबाचं काही चुकलंच नव्हतं. ती अजून माझ्याकडेच आहे.

घरी सुनीतीला सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "अरे, पोट दुखतंय म्हणून आलेल्या पोराच्या पोटाला हात लावायच्या आधी आम्ही विचारतो, कुठे दुखतंय ते. मग तिथं सगळ्यात शेवटी हात लावतो. तुला हे कुणी शिकवलं नाही?" नाही शिकवलं. पण शिकवायला हवं होतं असंही म्हणवत नाही. असल्या गोष्टी शिकवाव्या लागतात हीच शरमेची बाब आहे.

फेस्टिव्हलचा दिवस लख्ख उन्हाचा निघाला. मेयरबाई आल्या, भाषण करून, हात हलवून गेल्या. बोट धक्क्याला लागलेली, रोगण नुसतं चमकत होतं. मिस्टर क्वांगनी निळा रेशमी अंगरखा आणि पागोटं घातलं होतं. माझं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून मंडपाच्या खांबावर लावलं होतं. म्हातारी मंडळी लांब गवतावर खुर्च्या टाकून बसली होती. कुणीही उठलं नाही. पोरं धावत यायची, तर आज्या हाका मारून मागं बोलवायच्या. मिस्टर क्वांग दोनदा गवतापर्यंत गेले, बोलले, परत आले. तिसऱ्यांदा गेले नाहीत.

ते माझ्याकडे आले. लिएन सोबत होती. "बाबा म्हणतात, तुम्ही बसा. ऑफिसर गेला आणि परत आला हे त्यांनी बघितलं, तर कदाचित येतील."

नाही म्हणायची माझी ख्याती, पण त्या दिवशी नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी बसलो. मिस्टर क्वांग मागं सुकाणूवर, कारखान्यातले त्यांचे दोन सोबती वल्ह्यांवर, आणि त्या सोनेरी मंडपात, मंडळींसाठी मांडलेल्या रिकाम्या बाकांमध्ये, मी एकटा. ड्रॅगनच्या पाठीवर, कौन्सिलच्या खर्चानं, राजासारखा. काठावरचे इंग्रज लोक टाळ्या वाजवू लागले. कुणी फोटो काढले. अशा वेळी धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण तिथं धरणीही नव्हती. मी मान वर करू शकलो नाही. मिस्टर क्वांग मागून एकदाच बोलले: "वर बघा, मिस्टर केळकर. ते बघतायत." मग मी वर बघितलं आणि हात हलवला. इतकं कठीण काम मी दुसरं केलेलं नाही.

बोट सरळ चालली, सुंदर वळली. तलावाला एक फेरी मारून आम्ही निघालो त्याच धक्क्याकडे परत येऊ लागलो, तेव्हा मी पाहिलं की गवतावरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आहेत. सगळी म्हातारी माणसं उठून धक्क्यावर आली होती. आली, असं मला वाटलं. मागं वळून पाहिलं, तर मिस्टर क्वांगचाही चेहरा उजळला होता.

बोट लागली. होआ आजी सगळ्यांच्या पुढे, धक्क्याच्या अगदी टोकाला. मी उठून त्यांच्यासाठी हात पुढे केला, आत घ्यायला. त्यांनी तो दोन्ही हातांनी पकडला आणि त्या वयाला नसेल एवढ्या जोरानं मला बाहेर, धक्क्यावर ओढून घेतलं. माझ्या बाह्या चाचपल्या, पाय खाली टेकलेत ना ते पाहिलं. त्यांचे हात थंडगार होते. मग त्या भराभरा काही बोलल्या, रागवल्यासारख्या.

मी लिएनकडे पाहिलं.

"म्हणतात, तुम्ही परत येईपर्यंत आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो," ती म्हणाली. "म्हणतात, कुणी कितीही हुकूम केला तरी पुन्हा बोटीत चढू नका."

मी "नाही चढत" म्हटलं. तेव्हा त्यांनी माझा हात सोडला आणि मंडळी एकमेकांना आधार देत गवताकडे परत गेली. मिस्टर क्वांग खाली वाकून बोट बांधत होते.